घरची कार्यशाळा पांढरकवड्यात कशी असावी

रोहिणी लागल्या की पांढरकवडा आणि आसपासच्या खेड्यांत घराघरांतून लोखंड वाजू लागतं. वखराची पास धारेला निघते, डवऱ्याच्या दांड्याला पाचर ठोकली जाते, फवारणीच्या पंपाचं वायसर बदललं जातं, मोटरसायकलची साखळी ताणली जाते. मृगाचा पाऊस कधीही येईल या धाकात ही सगळी कामं पंधरा दिवसांत उरकायची असतात. ती होतात कुठे? ओसरीच्या पायरीवर, कोठ्याच्या दारात, नाहीतर अंगणातल्या निंबाखाली. औजारं एका पोत्यात, पोतं खाटेखाली, आणि नेमका तेरा नंबरचा पाना शेजाऱ्याकडे. काम दहा मिनिटांचं असतं आणि शोधाशोध त्याच्या तिप्पट.

घरात कामाची एक कायमची जागा असावी ही गरज या भागात जुनी आहे, आणि तिच्यात चैनीचं काही नाही. गेल्या काही वर्षांत ड्रिल मशीन, हातातला ग्राइंडर आणि इन्व्हर्टरची छोटी वेल्डिंग मशीन सामान्य घराच्या आवाक्यात आली, तसा हा विचार पुन्हा जोर धरतो आहे. अडचण अशी की कार्यशाळा म्हटली की डोळ्यांपुढे परदेशातलं गॅरेज येतं. बंद दारं, गुळगुळीत फरशी, भिंतभर टांगलेली चकचकीत हत्यारं. ते चित्र थंड देशातलं आहे आणि मोटार ठेवायच्या जागेवर बेतलेलं आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या कापसाच्या गावाला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. या प्रश्नाला आजवर कुठे कुठे काय उत्तरं मिळाली आणि त्यातलं इथे काय टिकेल, हे एकदा नीट तपासायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्यशाळा औजारांवरून आखू नये, दारात येणाऱ्या कामावरून आखावी. आणि इथलं बहुतेक काम दुरुस्तीचं आहे, तेही हंगामाबरोबर बदलणारं.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर गावच्या वाढई-लोहारांनी देऊन ठेवलेलं आहे. तीन बाजूंनी मोकळं छप्पर, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन, मध्ये बाभळीचा जाड ठोकळा अर्धा पुरलेला. वाढई जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या अंगठ्यांत आणि टाचेत धरतो. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या सगळं हाताच्या वर्तुळात. उठावं लागत नाही. पटाशी हातातून सुटली तरी मातीवर पडते, धार जात नाही. सिमेंटच्या फरशीवर तीच पटाशी पडली की तासभर दगडावर घासत बसा. छप्पर मोकळं असल्यामुळे उजेड सगळीकडून येतो, भुसा वाऱ्याबरोबर निघून जातो आणि उन्हाळ्यातही तिथे बसवतं. ही मांडणी मागासलेली समजून टाकून देण्याजोगी मुळीच नाही. जपानचे सुतारही परंपरेने जमिनीलगत काम करतात, करवत आणि रंधा स्वतःकडे ओढतात, आणि त्यांच्या जोडकामाची बारीकी जगाने मान्य केलेली आहे.

पण या मांडणीची किंमत वाढयाच्या गुडघ्यांनी आणि पाठीने मोजलेली असते. पाय जिथे व्हाइसचं काम करतो, तिथे पटाशी पायाच्या बोटांपासून चार अंगुळांवर चालते. शिवाय हे उत्तर लाकडाचं आहे. लोखंड कापताना, कानस मारताना, आटे पाडताना अंगाचं वजन पुढे टाकता आलं पाहिजे, आणि ते उभं राहूनच जमतं. म्हणून मी म्हणेन की घरच्या कार्यशाळेत दोन्ही असावं. लोखंडासाठी उभ्याने काम करायचं भक्कम टेबल, आणि लाकडासाठी, सायकल-पंप खोलण्यासाठी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सवयीने बसता यावं म्हणून वीतभर उंचीचा रुंद पाट. पाटाच्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकली की लाकूड तिला टेकवून रंधता येतं, पायात धरावं लागत नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नावर महाराष्ट्रात जे घडलं ते मोलाचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे गेले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एवढ्या मोठ्या उद्योगाचं मूळ एका छोट्या दुकानात आहे, आणि शेतकऱ्याच्या हातात काय मोडतं, काय झिजतं हे जवळून पाहण्यात आहे, ही गोष्ट घरच्या कार्यशाळेचा विचार करणाऱ्याने लक्षात ठेवावी.

आपल्या शेजारच्या वर्ध्यात तर हा विचार चळवळ म्हणून झाला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत घाणी, कागद, चूल, दिवा अशा रोजच्या वस्तूंवर काम केलं. १९३७ मध्ये वर्ध्याच्याच परिषदेतून नई तालीम पुढे आली. मूल हाताच्या कामातून शिकेल, म्हणजे शाळेच्या मध्यभागी कार्यशाळा असेल, ही तिची मांडणी होती. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. कुमारप्पांचा आग्रह जवळच्या मालातून काम करण्याचा होता, आणि पांढरकवड्यासारख्या ठिकाणी तो आजही पटतो. नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीतून मागवलेला नटबोल्ट उद्या येईल, पण बाभूळ, बांबू आणि भंगारातली पट्टी आज हाताशी आहे. मात्र वर्ध्याच्या विचारात यंत्राविषयी एक सावधपणा होता, तो आजच्या घरात टिकणार नाही. ज्या घरात मोटरसायकल, पाण्याची मोटर आणि कूलर आहे, तिथल्या कार्यशाळेत विजेची हत्यारं येणारच.

त्या दृष्टीने मला पाबळचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीज, बांधकाम, शेती असं सगळं थोडं थोडं शिकतात, आणि शिकताना गावातल्या लोकांची खरी कामं करतात. कुणाचं फाटक, कुणाची मोटर, कुणाचं शेड. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, म्हणजे संगणकावर चालणारी कापायची-कोरायची यंत्रं अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने गावात पोहोचली. तरी पाबळचं मोठेपण मला त्या यंत्रांहून त्यांच्या कामाच्या पद्धतीत दिसतं. एका छपराखाली अनेक धंदे, आणि काम गावाकडून येणार. आयटीआयमध्ये फिटर वेगळा, वेल्डर वेगळा, वायरमन वेगळा. घरात मात्र एकाच माणसाला सकाळी वायरमन आणि दुपारी सुतार व्हावं लागतं. म्हणून घरच्या कार्यशाळेने शिस्त आयटीआयची घ्यावी आणि वृत्ती पाबळची.

बाहेरच्या जगातून घेण्यासारखं दोन-तीन गोष्टींत आहे. फ्रान्सच्या आंद्रे रूबोने अठराव्या शतकात सुतारकामावर लिहिलेल्या ग्रंथात जे जड, जाडजूड टेबल काढून दाखवलं, ते आजही लोक तसंच बांधतात, कारण रंधा मारताना टेबल हललं की सगळं फुकट. अमेरिकेच्या फ्रँक गिलब्रेथने गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि एक वीट बसवायला लागणाऱ्या १८ हालचाली जेमतेम ५ वर आणल्या. विटा कमरेच्या उंचीवर ठेवल्या, गवंड्याला दर वेळी वाकावं लागू दिलं नाही, एवढीच मुख्य युक्ती. आणि जपानी कारखान्यांतून आलेली पाच ‘स’ची पद्धत पुण्या-नाशिकच्या कामगारांना आता पाठ आहे. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडून घ्या, नेम ठरवा, नेम पाळा. तिच्यातली भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढून ठेवायची रीत खेड्यात फारच उपयोगी आहे. इथे पाना, पक्कड, शिडी शेजारीपाजारी फिरत असते, आणि फिरावीच. रिकामी रेषा दिसली की कळतं, काहीतरी बाहेर आहे. शेजारी एक पाटी टांगून खडूने नाव लिहिलं की भांडण नको आणि विसरही नको.

आता जागा. पांढरकवडा जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस येतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेची खिडकी ठेवा, थंड आणि स्थिर उजेड मिळेल. वर्षातले बहुतेक महिने ते इथेही खरं आहे, आणि टेबल उत्तरेच्या भिंतीलाच लावावं. पण मे-जूनमध्ये सकाळी ईशान्येकडून आणि सायंकाळी वायव्येकडून ऊन त्याच खिडकीत तिरपं शिरतं. म्हणून उत्तरेलाही छपराचा हातभर पुढावा हवा, आणि खिडकीच्या कडेला आडोसा. पश्चिमेची भिंत मात्र बंदच. तिथे निंब असेल तर तो तोडू नका, नसेल तर लावा.

छप्पर बहुतेक टिनाचंच होणार, कारण तेच परवडतं. टिन तापतो आणि ती उष्णता माणसाच्या डोक्यावर उतरते. उंची दहा-बारा फूट, समोरासमोर जाळ्या, माथ्याला गरम हवा निघून जायला फट, आणि उन्हाळ्याआधी वरून पांढऱ्या चुन्याचा हात, एवढ्याने फरक जाणवतो. कित्येक घरी टिनावर पऱ्हाटी किंवा तुराटी पसरतात, किंवा आतून बांबूचे तट्टे लावतात. गारव्यासाठी उत्तम, पण ज्या छपराखाली वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालणार तिथे हे अजिबात नको.

जमीन हा इथला खास प्रश्न. काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून बोटबोट भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेली फरशी दोन पावसाळ्यांत फुटते आणि टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो. काळी माती काढून खाली मुरूम भरून तो चोपावा, वर सळई घातलेलं काँक्रीट टाकावं, आणि छपराचं पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्यावा. ज्याला एवढा खर्च झेपत नाही त्याने चोपलेल्या मुरमाची जमीनच ठेवावी आणि टेबलाच्या चार पायांखाली तेवढे चार ओटे बांधावेत.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट आगीची आहे. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरी येतो आणि भाव पटेपर्यंत घरातच राहतो. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली असते, पोरं त्यावर झोपतात. अशा घरात ग्राइंडरची ठिणगी म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगत नाही. कापूस लगेच पेटलेला दिसत नाही. ठिणगी आत शिरते, तास-दोन तास धुमसते, आणि माणसं कामावरून उठून जेवायला बसली की धूर येतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने पळत असते. ठिणगी त्याच वेगाने उडते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत वेल्डिंग-कापकामापासून पेटणाऱ्या वस्तू ३५ फूट, म्हणजे साधारण अकरा मीटर दूर ठेवायला सांगितलेलं आहे, आणि काम थांबल्यावरही किमान तासभर कुणीतरी नजर ठेवायची असते. आपल्याकडे दोन्ही पाळावं. कापूस घरात असेपर्यंत कापणं-जोडणं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून, शेजारी पाण्याची आणि रेतीची बादली ठेवून. ज्यांचं अंगण तेवढं नाही, त्यांनी ते काम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात न्यावं. थोडे पैसे जातील, पण वर्षाचं पीक वाचेल.

त्याच ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं बसवायची पद्धत आता बोकाळली आहे. हे मी स्पष्ट शब्दांत सांगतो, ते करू नका. हातातलं ते यंत्र लाकडात अडकलं की उसळून मांडीवर किंवा गळ्यावर येतं. चकतीवरचं लोखंडी झाकण काढून काम करणंही तसंच. आणि चकतीवर मधल्या कड्याजवळ तारीख छापलेली असते ती वाचावी. राळेत बांधलेली ही चकती बनल्यापासून तीन वर्षांत वापरून टाकायची असते.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्या घटनेचा कार्यशाळेशी थेट संबंध आहे, कारण फवारणीचा पंप दुरुस्तीला इथेच येतो आणि औषधांच्या अर्धवट बाटल्या इथल्याच फळीवर जाऊन बसतात. बाटल्यांना कार्यशाळेत जागा देऊ नये. त्यांची कुलूपबंद पेटी घराबाहेर आणि उंचावर असावी. पंप खोलण्याआधी साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावा, उघड्यावर खोलावा, हातमोजे त्याच कामाचे वेगळे ठेवावेत. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची सवय जीवघेणी आहे. तारेने टोकरू नये, भोक मोठं होतं आणि फवारा बिघडतो. मऊ ब्रशने साफ करावं.

वीज. कार्यशाळेची लाइन मीटरपासून वेगळी काढावी, घराच्या दिव्यांच्या लाइनवर यंत्रं लटकवू नयेत. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॉट हे खरं, पण सुरू होताना ती क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. घरातले दिवे मिणमिणतात ते त्यामुळे. लहान वेल्डिंग मशीन अडीच मिलिमीटरच्या काडीवर ७० ते ९० अँपिअरने चालवावी, आणि त्यासाठी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागला तर घ्यावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा खर्च कधीही टाळू नये. जमिनीत करंट जायला लागला की तो क्षणात वीज तोडतो, आणि ओल्या पायांनी ड्रिल धरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात छान काम करतो, पण उन्हाळ्यात माती कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. होळीनंतर मृगापर्यंत त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं.

वीज जाणार हे गृहीत धरूनच कार्यशाळा आखावी. हातकरवत, हॅक्सॉ, कानस, हाताने फिरवायचं गिरमिट ही हत्यारं आजोबांची आठवण म्हणून अडगळीत टाकू नयेत, त्यांना धार हवी आणि हाताशी जागा हवी.

आतली मांडणी. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते आधी टेबल ठेवतात आणि मग माल आत येत नाही. लोखंडी पाइप वीस फुटी येतो, प्लायवूड आठ बाय चारचं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस फुटी पाइप फिरवता येत नाही. म्हणून कापायची जागा दाराच्या रेषेत असावी, पाइपचं शेपूट दारातून अंगणात जाऊ द्यावं. समोरच्या भिंतीत त्याच उंचीवर एक झडप ठेवली तर आणखी सोय. टेबल सहा फूट लांब, पण रुंदी दोन फुटांहून जास्त नको. त्यापलीकडे हात पोहोचत नाही आणि तिथे फक्त भंगार साठतं. व्हाइस टेबलाच्या कोपऱ्यात, दाराच्या बाजूला, म्हणजे लांब वस्तू तिच्यात धरता येते. उंचीचा नियम आयटीआयची मुलं पहिल्या महिन्यात शिकतात. सरळ उभं राहून कोपर वाकवलं की व्हाइसच्या जबड्याचा माथा कोपराशी यावा. रंध्याचं टेबल त्याहून खाली, मनगटाच्या पातळीला. ऐरण आणखी खाली, मूठ वळून हात सरळ सोडला की बोटांची पेरं जिथे येतात तिथे, नाहीतर घण मारताना खांदा जातो.

पाने किती असावेत यावर मोठ्या याद्या निघतात. ट्रॅक्टर, मोटरसायकल, पंप पाहिले तर १०, १३, १७ आणि १९ हे चार नंबर बहुतेक काम काढतात, कारण ६, ८, १० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टांची डोकी जुन्या मापाने तीच. शेतीच्या जुन्या औजारांवर अजून सुताच्या मापाचे बोल्ट असतात, तीन सूत आणि चार सूत, त्यांचा वेगळा डबा करावा. मिलिमीटरचा नट सुताच्या बोल्टवर जबरदस्तीने फिरवला की दोन्ही जातात. नटबोल्ट मापाने ठेवण्यापेक्षा मला ते ज्या वस्तूचे त्या नावाने ठेवणं जास्त सोयीचं वाटतं. डवऱ्याचे, पंपाचे, मोटरसायकलचे, पंख्याचे. दुरुस्तीच्या घाईत माणूस माप आठवत नाही, वस्तू आठवतो. तेलाचे रिकामे पिपे आडवे कापून कड वळवली की खण तयार होतात.

लाकूड जमिनीवर ठेवू नये. वाळवी आहेच, आणि पावसाळ्यात विंचू-साप फळ्यांच्या ढिगात आसरा घेतात. भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून हातभर अंतरावर घोडी बांधावी, हात घालण्याआधी बॅटरी मारावी. सागवान हे इथलं वैभव, पण ते वनखात्याच्या डेपोतून किंवा पावतीसह घ्यावं आणि वाहतूक परवाना जपून ठेवावा. टेबलासाठी सागवान लागतही नाही, बाभूळ किंवा पाडलेल्या घराची जुनी दारं पुरतात. लाकडाच्या भुशाकडे कुणी धोका म्हणून पाहत नाही, पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातला आहे. रंधताना नाही, पण सँडरने घासताना तोंडावर मास्क हवाच, आणि शक्य तेव्हा ते काम अंगणात.

आषाढ-श्रावणात गंज. टेबलाच्या वर उघडी टांगलेली हत्यारं भाद्रपदात तांबडी झालेली असतात. भिंतीवरची शोभा आठ महिन्यांची समजावी. मृगाआधी धारेची हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या पेटीत जावीत, भिंतीवर फक्त रोजचे पाने राहावेत. हा हंगामी बदल मांडणीतच धरला पाहिजे. जूनमध्ये पास आणि तिफण, ऑगस्टमध्ये पंप, कार्तिकानंतर आगीची कामं बंद आणि हाताची चालू, फाल्गुनापासून दारं-फाटकं आणि घरबांधणी. मे महिन्यात सकाळी सहा ते दहा एवढाच खरा कामाचा वेळ. म्हणून जड टेबल एकच असावं, बाकी सगळं चाकांवर किंवा दोघांना उचलता येईल असं, म्हणजे हिवाळ्यात अंगणात आणि पावसात आत.

आता एक गोष्ट, जी या विषयावर लिहिताना नेहमी गाळली जाते. पांढरकवड्यात, आणि विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात, सर्वांत जास्त घरांत असलेली कार्यशाळा म्हणजे दाराजवळची शिलाई मशीन. तिच्यावर ब्लाऊज, शाळेचे गणवेश, पोत्यांची तोंडं, कूलरचे पडदे सगळं शिवलं जातं आणि त्यातून घरात पैसा येतो. तरी कार्यशाळेच्या चर्चेत तिचं नाव निघत नाही आणि घर बांधताना तिच्यासाठी जागा काढली जात नाही. ती बाई दिवसभर मान वाकवून चाळीस वॉटच्या पिवळ्या दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा शोधत असते. बारीक कामाला टेबलावर ५०० लक्सच्या पुढे उजेड हवा, घरातल्या एका ट्यूबलाइटखाली तो अनेकदा दीडशेही नसतो. सुईजवळ वाकवता येणारा एलईडी दिवा, मशीनच्या डावीकडे कापड उतरायला फळी, मागे कापलेले तुकडे टांगायला दोरी, बसायला योग्य उंचीची खुर्ची आणि पायमशीनला मोटर बसवली असेल तर तिलाही अर्थिंग. एवढ्याने तिचं काम आणि तिचं शरीर दोन्ही सावरतं. घरात एकच खोली निघत असेल तर उत्तरेची खिडकी आधी शिलाई मशीनला द्यावी, लोखंडाचं काम अंगणात निभतं.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी यांच्यासह अठरा पारंपरिक धंदे आहेत. प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत औजारांची मदत, आणि आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं. वर्ध्यात २०२४ च्या सप्टेंबरात तिचा वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम झाला. योजना चांगली आहे, पण तिच्यात हत्यार आहे आणि हत्यार मांडायची जागा नाही. दिवा, अर्थिंग, फरशी, छप्पर हा खर्च कारागिराने स्वतःच करायचा, आणि तो राहून जातो. मला वाटतं ज्या हाताला औजारांचा संच मिळतो, त्याच हाताला जागा नीट करण्यासाठी थोडी रक्कम मिळायला हवी, आणि आयटीआयमधल्या एखाद्या शिक्षकाने घरी येऊन वायरिंग तपासून द्यायला हवं.

ज्याला योजनेची वाट पाहायची नाही, त्याने खर्चाचा क्रम असा धरावा. सगळ्यात आधी आरसीसीबी आणि अर्थिंग. मग दोन चांगले दिवे, एक छताला आणि एक टेबलावर. मग चार इंची भक्कम व्हाइस, कारण वस्तू घट्ट धरता आली की साध्या हत्यारानेही काम सरळ होतं. त्यानंतर चार पाने, एक पक्कड, हातोडी, दोन कानशी, हॅक्सॉ, गुण्या, आणि ते टांगायला फळी. डोळ्यांचा चष्मा याच खेपेत. ड्रिल मशीन त्याच्या पुढच्या हंगामात, कापूस विकल्यावर. ग्राइंडर आणि वेल्डिंग सगळ्यांत शेवटी, आणि तेही अंगणात त्यांच्यासाठी ओटा बांधून झाल्यावर.